स्थौल्य आणि वनस्पतींचे एक्स्ट्रॅक्ट : उंदरापासून रुग्णापर्यंतचे अंतर

स्थौल्याचा रुग्ण आता केवळ तक्रार घेऊन चिकित्सालयात येत नाही, औषधाचे नावही तोच घेऊन येतो. ‘गार्सिनिया चालू करू का?’, ‘ग्रीन टीच्या कॅप्सूल घेतो आहे, त्यांच्याबरोबर तुमचे औषध चालेल ना?’ असे प्रश्न आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. औषधालयाच्या चालकापुढे हाच विषय दुसऱ्या रूपाने येतो. कंपनीचा प्रतिनिधी गुळगुळीत कागदावरील माहितीपत्रक ठेवतो. त्यावर एक आलेख असतो, स्निग्ध आहार दिलेल्या उंदरांचे वजन एक्स्ट्रॅक्टने किती टक्के घटले याचा आकडा असतो आणि खाली ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ हे शब्द असतात. वनस्पती आपल्याच निघंटूतील असल्याने वैद्याचे मनही सहज अनुकूल होते. या आलेखाने नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विस्तारासाठी गार्सिनिया आणि गुग्गुळु ही दोनच उदाहरणे घेतली आहेत. दोहोंचा संबंध आपल्या भूमीशी आहे आणि दोहोंवर माणसांमध्ये पुरेसे काम झालेले आहे.

प्रयोगशाळेतील ‘आहारजन्य स्थौल्य’

आहाराने लठ्ठ केलेला उंदीर हा आजच्या मेदोहर संशोधनाचा पाया आहे. त्यासाठी बहुधा ‘सी ५७ ब्लॅक ६’ या जातीचा उंदीर निवडतात, कारण तो स्निग्ध आहाराने सहज लठ्ठ होतो. त्याच्या खाद्यातील ४५ किंवा ६० टक्के ऊर्जा स्नेहातून, मुख्यतः डुकराच्या चरबीतून, पुरविली जाते. तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांच्या खाद्यात हे प्रमाण साधारण १० टक्के असते. काही आठवड्यांत पहिला गट लठ्ठ होतो, त्याच्या यकृतात मेद साठतो आणि रक्तशर्करा वाढू लागते.

आता आपला रुग्ण पाहावा. पांढरा भात, साखरेचा चहा, मैद्याची बिस्किटे, फरसाण, सणावारी गोड आणि दिवसभर बैठे काम असा त्याचा क्रम असतो. त्याच्या आहारात स्नेह आहेच, परंतु पिष्ट आणि शर्करा यांचा भार अधिक आहे. चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात स्थौल्याची कारणे सांगताना गुरु, मधुर, शीत, स्निग्ध आहाराचे अतिसेवन सांगितलेच, पण त्याच्या जोडीला अव्यायाम, दिवास्वाप, नित्य हर्ष, चिंतेचा अभाव आणि बीजस्वभावही सांगितला. पिंजऱ्यातील उंदरात यांपैकी एकच कारण उतरविता येते. प्रयोगाचा हा दोष नव्हे. एक घटक वेगळा काढून पाहणे हीच त्याची रीत आहे. मात्र निष्कर्ष रुग्णाला लावताना उरलेली कारणे विसरून चालत नाही.

अशा शोधनिबंधात दोन गोष्टी मी प्रथम पाहतो. पहिली म्हणजे एक्स्ट्रॅक्ट केव्हा सुरू केला? पुष्कळ प्रयोगांत तो स्निग्ध आहाराच्या पहिल्या दिवसापासूनच खाद्यात मिसळलेला असतो. असा प्रयोग स्थौल्य होऊ न देण्याविषयी बोलतो, झालेले स्थौल्य उतरविण्याविषयी बोलत नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण मात्र दहा-पंधरा वर्षांचे वजन घेऊन आलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे उंदरांनी खाल्ले किती? कडू, तुरट किंवा आंबट द्रव्य मिसळलेले खाद्य प्राणी कमी खातो आणि कमी खाल्ल्याने वजन कमी होते. हा संशय दूर करण्यासाठी, औषध न देता तेवढेच मोजके खाद्य दिलेला तिसरा गट ठेवावा लागतो. तो नसेल तर वजन द्रव्याच्या मेदोहर कर्माने घटले की केवळ अरुचीने, हे सांगता येत नाही.

मात्रेचा हिशेबही एकदा प्रत्येकाने करून पाहण्यासारखा आहे. उंदराची प्रतिकिलो मात्रा माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तिला सुमारे १२.३ ने भागण्याची पद्धत आहे. समजा खाद्यात १ टक्का एक्स्ट्रॅक्ट मिसळला आहे. पंचवीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला सुमारे ३ ग्रॅम खाद्य खातो असे धरले, तर त्याच्या पोटात ३० मिलिग्रॅम, म्हणजे प्रतिकिलो १२०० मिलिग्रॅम द्रव्य जाते. त्याला १२.३ ने भागले असता माणसासाठी प्रतिकिलो सुमारे ९८ मिलिग्रॅम होतात. साठ किलोच्या माणसाला ही मात्रा दिवसाला जवळजवळ ६ ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट इतकी पडते, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या बारा कॅप्सूल. डबीवर लिहिलेले असते ‘एक-एक कॅप्सूल दोन वेळा’. आलेख बारा कॅप्सूलचा आणि विक्री दोन कॅप्सूलची, असा हा व्यवहार आहे. बरे, बारा दिल्या तर काय होईल, हा प्रश्नही निरुपद्रवी नाही. त्याचे उत्तर पुढे येईल.

गार्सिनियाची कथा

गार्सिनिया कॅम्बोजिया, ज्याला आता वनस्पतिशास्त्रात गार्सिनिया गमी-गुट्टा म्हणतात, तो पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील वृक्ष आहे. केरळात त्याच्या फळाची वाळविलेली साल कुडमपुळी या नावाने माशांच्या कालवणात घालतात. आपले कोकम, म्हणजे गार्सिनिया इंडिका, हे त्याचेच भावंड. वृक्षाम्ल म्हणून आपण व्यवहारात कोकमच घेतो. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी कॅम्बोजियाच्या फळातील मुख्य अम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक अम्ल असल्याचे दाखविले. १९६९ मध्ये अमेरिकेत असे आढळले की हे अम्ल एटीपी-सायट्रेट लायेज या विकराचे कार्य रोखते. शर्करेपासून नवा मेद तयार होण्याच्या मार्गावरील हा एक महत्त्वाचा टप्पा आहे. सत्तरच्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले, त्यांचे खाणे आणि मेद दोन्ही घटले, आणि नव्वदच्या दशकात कॅप्सूल बाजारात आली.

येथे थोडे थांबून विचार करावा. हा मार्ग शर्करेचे मेदात रूपांतर होण्याचा आहे. आहारात तेल-तूप भरपूर असेल तर शरीराला शर्करेपासून मेद बनविण्याची फारशी गरजच पडत नाही, आहारातला स्नेहच साठविला जातो. नेहमीच्या मिश्र आहारावर असलेल्या माणसात शर्करेपासून बनणाऱ्या मेदाचा वाटा अल्पच असतो. म्हणजे जो दरवाजा या अम्लाने बंद केला, त्यातून मुळात फारशी ये-जा नव्हती.

माणसातील निकाल त्याला अनुरूपच लागला. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हेम्सफिल्ड व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १३५ स्थूल व्यक्ती, बारा आठवडे, रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक अम्ल किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध, आणि दोन्ही गटांना कमी ऊर्जेचा, तंतुयुक्त आहार, अशी त्याची योजना होती. गार्सिनिया गटाचे वजन सरासरी ३.२ किलोने, तर निष्क्रिय औषधाच्या गटाचे ४.१ किलोने घटले. घट दोन्हीकडे झाली, कारण आहार दोन्हीकडे होता. पुढे २०११ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा गार्सिनियाच्या बाजूने सरासरी ०.८८ किलोचा फरक निघाला. तुलनेसाठी सांगावयाचे तर, आठवड्यातून एकदा टोचावयाच्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले होते. त्या इंजेक्शनांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही, परंतु आपल्या रुग्णाने तो आकडा ऐकलेला असतो, हे वैद्याला माहीत असावे.

आयुर्वेदाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. गार्सिनियाचे मेदोहर म्हणून असलेले स्थान संहितेतून आलेले नाही, जीवरसायनशास्त्रातून आले आहे. वृक्षाम्ल अम्लरसाचे, दीपन, रोचन आणि ग्राही म्हणून वापरले जाते. चरकाचार्यांनी स्थौल्यासाठी सांगितलेल्या द्रव्यांत गुडूची, मुस्ता, त्रिफळा, तक्रारिष्ट, मध, विडंग, शुंठी, क्षार, लोह, यव, आमलकी, शिलाजतु आहेत, वृक्षाम्ल नाही. लेखनीय महाकषायातही मुस्ता, कुष्ठ, हरिद्रा, दारुहरिद्रा, वचा, अतिविषा, कटुकी, चित्रक अशी बहुतांशी तिक्त-कटू द्रव्ये आहेत. स्थौल्यात मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठात संचार करतो आणि अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून क्षुधा आधीच अतिमात्र असते. अशा रुग्णाला रोचन द्रव्याचा अर्क ‘आयुर्वेदिक’ म्हणून देताना आपण शास्त्राच्या नावावर कोणता तर्क चालवीत आहोत, हे स्वतःला विचारावे लागेल.

यकृताचा प्रश्न

आता बारा कॅप्सूलच्या प्रश्नाकडे वळू. २००५ साली जपानी संशोधकांनी लठ्ठ झुकर उंदरांना गार्सिनिया मोठ्या मात्रेत दिला. मेद घटला, पण वृषणांना गंभीर इजा झाली. २०१३ साली कोरियातील एका प्रयोगात स्निग्ध आहारावरील उंदरांना खाद्यात १ टक्का गार्सिनिया १६ आठवडे दिला गेला. मेद घटला, परंतु यकृतात तंतुमय द्रव्याचा संचय आणि दाह वाढला. या निष्कर्षावर पुढे टीकाही झाली. तथापि त्याच सुमारास माणसांतील अनुभवही जमा होत होता. मे २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हायड्रॉक्सीकट या वजन घटविणाऱ्या उत्पादनांविरुद्ध इशारा दिला. तेव्हा यकृतविकाराच्या २३ नोंदी होत्या, त्यांत एक मृत्यू होता. या उत्पादनांत अनेक घटक होते आणि त्यांपैकी काहींत गार्सिनिया होता, म्हणून दोष एकावर ठेवता येत नव्हता.

ती शंका २०२२ च्या अहवालाने बरीच कमी केली. औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील संशोधन जाळ्याने गार्सिनियाशी संबंधित २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५ जणांनी केवळ गार्सिनिया घेतला होता, १६ जणांनी ग्रीन टीबरोबर आणि एकाने अश्वगंधेबरोबर. या रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ ही जनुकीय खूण अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात आढळली. ग्रीन टीच्या एक्स्ट्रॅक्टने होणाऱ्या यकृतविकारातही हीच खूण दिसते. याचा व्यावहारिक अर्थ असा की बहुसंख्य लोकांना काहीही होणार नाही, आणि ज्या थोड्यांना होईल त्यांना पाहून ओळखता येणार नाही. ग्रीन टीबाबत युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये, रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी पूरक स्वरूपात घेतल्यास यकृतातील विकरे वाढू शकतात, असे मत दिले. चहा म्हणून पिणे वेगळे आणि कॅप्सूल घेणे वेगळे. सोलकढी पिणाऱ्या कोकणी माणसाने यातून घाबरून जाण्याचे कारण नाही. आहारातील द्रव्य आणि त्याचा केंद्रित एक्स्ट्रॅक्ट यांत मात्रेचा, काळाचा आणि संस्काराचा फरक आहे.

गुग्गुळु : संहितेपासून कॅप्सूलपर्यंत

गुग्गुळूची कथा अधिक मानाची आहे. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या वर्णनाच्या आधारे गुग्गुळूचा प्रबंध सादर केला. ग्रंथातील वर्णनावरून प्रयोगाची दिशा ठरविण्याचा तो नमुना आजही अभ्यासण्यासारखा आहे. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने इथाइल ॲसिटेटमध्ये विद्राव्य भाग काढून गुगुलिपिड सिद्ध केले आणि ऐंशीच्या दशकात ते बाजारात आले. २००२ मध्ये गुग्गुळस्टेरोन पित्ताम्लांचे नियमन करणाऱ्या एका ग्राहीला रोखते असे ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कार्यपद्धती सापडली म्हणून सर्वांना आनंद झाला.

लगेच पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. २.५ टक्के गुग्गुळस्टेरोनयुक्त गुगुलिपिड १००० किंवा २००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले होते. एलडीएल कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, निष्क्रिय औषधाच्या गटात ते ५ टक्क्यांनी घटले. काहींना त्वचेवर पुरळ उठले. भारतीय चाचण्यांचे निष्कर्ष याच्या विरुद्ध होते. आहार, वंश, मूळ पातळी अशी अनेक स्पष्टीकरणे दिली गेली.

मला येथे दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. भावमिश्रांनी नवीन गुग्गुळु बृंहण आणि पुराण गुग्गुळु अतिलेखन असा स्पष्ट भेद केला आहे. आपण गुग्गुळु त्रिफळाक्वाथात किंवा गोमूत्रात शुद्ध करून वापरतो आणि रुग्णाचा अग्नी व कोष्ठ पाहून कल्प ठरवितो. एक्स्ट्रॅक्टच्या डबीवर गुग्गुळस्टेरोनची टक्केवारी असते, गुग्गुळु नवा होता की जुना, शोधित होता की अशोधित, हे नसते. ज्या गुणाने शास्त्राने त्याला मेदोहर म्हटले, तोच गुण प्रमाणीकरणातून सुटलेला असतो. म्हणून २००३ च्या चाचणीने ‘गुग्गुळु निष्फळ ठरला’ असे म्हणणे जितके चूक, तितकेच गुगुलिपिडच्या यशाने मेदोहर गुग्गुळु सिद्ध झाला असे म्हणणेही चूक. ती तीन वेगळी औषधे आहेत. कल्पाची चाचणी कल्पावरच व्हावी लागेल, आणि ती करण्याची जबाबदारी आपली आहे, मूषकांची नव्हे.

हाच न्याय घनालाही लागू आहे. घन किंवा रसक्रिया आपल्याला नवी नाही, पण ती जलीय असते. अल्कोहोल, हेक्झेन किंवा इथाइल ॲसिटेटने काढलेल्या अर्कात द्रव्याचा वेगळाच अंश येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील २०१० च्या १५८-ब या नियमानेही जलीय, जल-अल्कोहोलीय आणि अन्य द्रावकांचे एक्स्ट्रॅक्ट वेगळे मानले असून अखेरच्या प्रकारासाठी सुरक्षिततेचे अधिक पुरावे मागितले आहेत.

फडताळावरील डबी

औषधालयाच्या चालकांसाठी यापुढील भाग अधिक उपयोगाचा आहे. वजन घटविणाऱ्या पुष्कळ कॅप्सूल आयुष परवान्यावर नसून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर, पूरक आहार म्हणून विकल्या जातात. ग्राहकाला हा भेद कळत नाही, तो दोन्हींना ‘आयुर्वेदिक’च म्हणतो. डबीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, द्रावक, कच्च्या द्रव्याशी असलेले प्रमाण आणि मात्रा यांचा उल्लेख नसेल तर ती ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावाच्या गोंधळाची किंमत काय असते हे ब्रुसेल्सने पाहिले आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेथील एका वजन घटविण्याच्या दवाखान्यात चिनी वनौषधींचे मिश्रण दिले जात असे. त्यात ‘हान फांग जी’ ऐवजी नावाने जवळचे ‘ग्वांग फांग जी’, म्हणजे ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती, आली. सुमारे शंभर रुग्णांची वृक्के निकामी झाली, आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. आपल्या बाजारात अम्लवेतस म्हणून काय काय येते आणि गुग्गुळात सालईचा डिंक कसा मिसळतो, हे जाणणाऱ्याला ही परदेशातील दूरची घटना वाटणार नाही.

दुसरा धोका मुद्दाम केलेल्या भेसळीचा. सिब्युट्रामिन हे क्षुधा मारणारे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपात बाजारातून गेले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. त्यानंतरही ते ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत अनेक देशांतील तपासण्यांत सापडले आहे. एखाद्या कॅप्सूलने दोन दिवसांत भूक नाहीशी झाली, तोंड कोरडे पडले, झोप उडाली आणि छातीत धडधड वाढली, तर ते लेखन कर्म समजू नये. ती डबी बाजूला काढावी. आणखी एक : औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे. दुकानाच्या काचेवर ‘लठ्ठपणावर हमखास उपाय’ असा फलक लावणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरतो.

चिकित्सालयात मी एक्स्ट्रॅक्ट वर्ज्य मानीत नाही, पण त्यास आरंभ करीत नाही. आरंभ गुरु आणि अपतर्पण या सूत्रानेच होतो. तीक्ष्ण झालेल्या अग्नीला काम मिळेल इतके गुरु, आणि पोषण अल्प देईल असे अन्न. यव, ज्वारी, कोद्रा, सावा, राळा, मूग, कुळीथ, तूर, पडवळ, आवळा ही संहितेतील यादी आपल्या स्वयंपाकघराला परकी नाही. जोडीला रुग्णाच्या सवयीप्रमाणे वाढवीत नेलेला व्यायाम आणि दिवसाच्या झोपेवर बंधन. कंबरेचा घेर दर महिन्याला मोजतो. भारतीय पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर ही मर्यादा लक्षात ठेवण्यास सोपी आहे. त्यानंतर कल्प, आणि तोही संहितोक्त.

रुग्ण आधीच एक्स्ट्रॅक्ट घेत असेल तर डबी मागवून पाहावी. पूर्वी कावीळ झालेली असल्यास, मद्यपान असल्यास, गर्भावस्थेत व स्तन्यपानकाळात गार्सिनिया आणि ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट थांबवावेत. इतरांत सुरुवातीस व महिना-दीड महिन्याने एसजीपीटी व बिलिरुबिन पाहावे. अरुची, मळमळ, गडद मूत्र, कंडू यांपैकी काहीही दिसल्यास तपासणीची वाट न पाहता द्रव्य बंद करावे. प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम घेणाऱ्या रुग्णात गुग्गुळूने त्यांचे शोषण कमी होते, असे १९९४ च्या भारतीय अभ्यासात आढळले आहे. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाला गुग्गुळु देताना रक्तदाब पुन्हा मोजावा. आणि यकृताचा किंवा अन्य कोणताही अनिष्ट परिणाम आढळल्यास त्याची नोंद दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे समन्वय असलेल्या आयुष औषधदक्षता कार्यक्रमात जवळच्या केंद्रामार्फत करावी. अर्जासोबत डबीचे छायाचित्र, बॅच क्रमांक आणि उरलेल्या कॅप्सूल जपून ठेवाव्यात.